एच सहा की एच बारा? स्वयंचलित तर्काच्या संशोधकाची सायटेशनं मोजताना

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या निवड समितीपुढे दोन फायली आहेत. एका उमेदवार बाईंचा विषय स्वयंचलित तर्क, म्हणजे ऑटोमेटेड रीझनिंग: प्रमेयाची सिद्धता संगणकाने शोधायची, किंवा माणसाने लिहिलेली तपासून द्यायची. त्यांचा एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या सायटेशनांवरून, म्हणजे इतर पेपरांतल्या उल्लेखांवरून, काढलेला आकडा) गूगल स्कॉलरवर १२, स्कोपसवर ६, वेब ऑफ सायन्सवर ३. दुसऱ्या उमेदवाराचा विषय इमेज प्रोसेसिंग, स्कोपसवर एच १९. समितीतले एक प्राध्यापक विचारतात: तीनपैकी खरा आकडा कोणता धरायचा, आणि ६ समोर १९ असताना पुढे बोलण्यासारखं काही उरतं का?

सर, उरतं. तिन्ही आकडे खरे आहेत, पण त्यातला एकही अजून समितीपुढे ठेवण्याच्या लायकीचा झालेला नाही.

आधी माझी ओळख. मी तर्कशास्त्राचा माणूस नाही, ग्रंथपाल आहे. तेवीस वर्षं सोलापुरात कॉलेजच्या ग्रंथालयात बसून नॅकच्या फायली, पदोन्नतीचे प्रस्ताव आणि पीएचडीचे अर्ज यांसाठी सायटेशनचे तक्ते करून देतोय. सुरुवातीला मीही वेबसाइट उघडायचो, दिसेल तो आकडा उतरवायचो, खाली सही ठोकायचो. ती सवय कशी मोडली ते पुढे येईलच.

तीन ठिकाणी तीन आकडे येतात, कारण तिन्ही ठिकाणी वेगवेगळी टोपली आहे. गूगल स्कॉलर २००४ मध्ये सुरू झालं. वेबवर जे जे शोधनिबंधासारखं दिसतं ते सगळं ते गोळा करतं: पीएचडीचे प्रबंध, अर्काइव्हवरचे कच्चे पेपर, विभागाचे तांत्रिक अहवाल, कधी कधी वर्गातल्या नोट्ससुद्धा. स्कोपस त्याच वर्षीचं, एल्सेव्हिअरचं. तिथे निवडलेली जर्नल्स आणि निवडलेल्या परिषदांच्या मालिका. वेब ऑफ सायन्स हे यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये छापून काढलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्सचं वंशज. त्याचा कल पहिल्यापासून जर्नलकडे. परिषदांच्या कार्यवृत्तांचा भाग वेगळा आहे, आणि त्याची वर्गणीही वेगळी असते.

इथेच तुमच्या बाईंचा ३ उलगडतो. स्वयंचलित तर्कातलं बरंचसं महत्त्वाचं काम जर्नलमध्ये न येता परिषदेत येतं. केड ही या विषयाची मुख्य परिषद १९७४ पासून भरते. आता विषम वर्षी केड, आणि सम वर्षी काही परिषदा एकत्र येऊन होणारी आयजेसीएआर. शिवाय कॅव्ह, टॅकास, सॅट, आयटीपी या परिषदा. जर्नल ऑफ ऑटोमेटेड रीझनिंग आहे, १९८५ पासून आहे, त्याला मानही आहे. पण पेपर आधी परिषदेत जातो आणि जर्नलमध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती दोन-तीन वर्षांनी येते, किंवा येतच नाही. मग ज्या ठिकाणी परिषदांचा भागच उघडत नाही तिथे या बाईंचं अर्धं घर दिसत नाही. वेब ऑफ सायन्सचा ३ मी टिपणात लिहितो, पण निर्णयासाठी वापरत नाही.

म्हणून पहिलं काम आकड्याचं नाहीच, यादीचं आहे. संगणकशास्त्रासाठी डीबीएलपी नावाची फुकट सूची आहे, जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली. ती आपल्याला हवा तसा सायटेशनचा तक्ता देत नाही, पण कोणी काय आणि कुठे छापलं याची यादी स्वच्छ देते. मी आधी तिथली यादी काढतो, ती उमेदवाराच्या बायोडाटाशी ताडतो, आणि मगच मोजायला घेतो.

न ताडता मोजलं की काय होतं ते ऐका. बरीच वर्षं झाली. एका पाटील सरांचा तक्ता करायचा होता, विषय तर्कशास्त्राच्या आसपासचा. त्यांची आद्याक्षरं आणि कृषी संशोधनातल्या एका दुसऱ्या पाटलांची आद्याक्षरं सारखी. मी दोघांना एकाच माणसात घातलं. तक्ता भरघोस झाला. समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, "ग्रंथपाल, यांची प्रमेयं ज्वारीवरच्या खोडमाशीबद्दल आहेत का?" खोलीत हशा पिकला. पाटील सरांचा चेहरा मात्र अजून आठवतो, कारण चूक माझी होती आणि संशय त्यांच्यावर आला होता.

आपल्याकडे नावांचा घोळ जरा जास्तच. पाटील, कुलकर्णी, जाधव एका आद्याक्षरामागे शंभर. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू कुटुंबांची आडनावं इंग्रजीत लिहिताना एका पेपरात एक एल, दुसऱ्यात दोन. वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी गळतं. आणि बायकांच्या बाबतीत पीएचडी माहेरच्या नावाने, पुढचं सगळं सासरच्या. स्कोपस अशा वेळी एका बाईंच्या दोन बाया करतं आणि प्रत्येकीला अर्धा एच देतं. तुमच्या उमेदवार बाईंचा ६ असाच दुभंगलेला आहे का, हे आधी पाहा. ऑर्किड नावाचा सोळा आकडी ओळखक्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट मिळतो. तो असेल तर निम्मा त्रास वाचतो.

नावं जुळली की आवृत्त्या जुळवायच्या. एक खरं उदाहरण देतो. एसएमटी सॉल्व्हर म्हणजे तर्काच्या आणि गणिताच्या अटी एकत्र सुटतात का ते शोधणारा प्रोग्रॅम; डीपीएलएल(टी) ही आजच्या अशा सॉल्व्हरच्या पोटातली पद्धत. तिच्यावरचा एक पेपर २००४ च्या कॅव्हमध्ये आहे. तिच्या अमूर्त मांडणीचा पेपर एलपीएआर परिषदेच्या २००५ मध्ये निघालेल्या खंडात आहे. मग २००६ मध्ये जर्नल ऑफ द एसीएममध्ये मोठा, सविस्तर निबंध आहे. लेखकांत नीवेनह्वीस, ऑलिव्हेरास, टिनेली ही नावं तिन्हीकडे. पुढे ज्याला ही पद्धत वापरायची तो या तीन पेपरांपैकी कोणत्याही एकाचा उल्लेख करतो. म्हणजे एका कल्पनेची सायटेशनं तीन खात्यांत वाटली जातात. कधी त्याने एच फुगतो, तिन्ही पेपर उंबरठा ओलांडतात म्हणून. कधी घटतो, तिन्ही थोडक्यात खाली राहतात म्हणून. नियम एकच: जे धोरण एका उमेदवाराला लावाल तेच दुसऱ्यालाही लावा, आणि टिपणात लिहा की आवृत्त्या एकत्र केल्या की वेगळ्या ठेवल्या.

आता एच. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. सहाव्या पेपरला निदान ६ सायटेशनं आहेत आणि सातव्याला ७ नाहीत, तर एच ६. सोपं आहे, म्हणून लोकप्रिय झालं. पण ६ म्हणजे काय ते बघा. समजा एकाच्या दहा पेपरांची सायटेशनं अशी: ९, ८, ८, ७, ६, ६, ३, २, ०, ०. एच ६. दुसऱ्याची अशी: ६४०, ३१, १४, ९, ७, ६, ४, २, १, ०. यांचाही एच ६. पहिल्याची एकूण बेरीज ४९, दुसऱ्याची ७१४. एचला यातलं काही दिसत नाही, कारण उंबरठा ओलांडल्यावर पेपर आत किती पुढे गेला हे तो विचारतच नाही.

बेल्जियमचे लेओ एग्गे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स सुचवला तो याचसाठी. हा असा मोठ्यात मोठा आकडा, की वरच्या तेवढ्या पेपरांची मिळून सायटेशनं त्या आकड्याच्या वर्गाइतकी तरी हवीत. पहिल्या माणसाचा जी येतो ६. दुसऱ्याचा येतो २६, कारण २६ चा वर्ग ६७६ आणि बेरीज ७१४. (पेपर दहाच असताना जी २६ कसा, असं विचाराल तर उरलेले पेपर शून्याचे धरायचे, काही जण तसं धरत नाहीत, मग तो १० वर थांबतो.) आता दुसऱ्याच्या यादीतून तो ६४० वाला पेपर उचलून बाजूला ठेवा. एच ६ वरून ५, जी २६ वरून ८. एवढा मोठा पेपर गेला तरी एच एकाच पायरीने उतरला.

ही नुसती गणिताची गंमत नाही. या विषयात असा एकच उंच पेपर असलेली माणसं जागोजाग भेटतात, आणि तो पेपर बहुतेक वेळा टूलचा असतो. झेड-थ्री घ्या. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये लिओनार्डो डी मौरा आणि निकोलाय ब्यर्नर यांनी बांधलेला एसएमटी सॉल्व्हर. २००८ च्या टॅकासमधला त्याचा पेपर अवघ्या चार पानांचा, आणि त्याला हजारोंनी सायटेशनं आहेत. ज्याने झेड-थ्री चालवला तो हा चार पानी पेपर खाली लिहून मोकळा होतो. त्या सॉल्व्हरला वेग देणारी जी तंत्रं आहेत, उदाहरणार्थ त्याच दोघांचा २००७ च्या केडमधला ई-मॅचिंगवरचा पेपर, त्यांचा उल्लेख वापरणाऱ्यांतले फार थोडे करतात. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जकार्डवर चादर विणली जाते. गिऱ्हाईक लेबल बघून घेतं, नक्षीची कार्डं ज्याने बसवली त्याचं नाव लेबलवर नसतं. इथे निदान दोन्ही पेपर त्याच माणसांचे होते. तुमच्या उमेदवार बाई दुसऱ्याच्या टूलसाठी कार्डं पंच करणाऱ्यांपैकी असतील, तर त्यांच्या कामाचा वापर भरपूर आणि सायटेशनं मोजकी, असं होणारच.

याहून वाईट म्हणजे ज्याला पेपरच नाही असं टूल. विल्यम मॅकून यांचे प्रूव्हर-नाइन (प्रूव्हर म्हणजे सिद्धता शोधणारा प्रोग्रॅम) आणि मेस-फोर हे प्रोग्रॅम बीजगणितवाल्यांनीसुद्धा मनसोक्त वापरले. उल्लेख करताना लोक सरळ वेबपानाचा पत्ता देतात. स्कोपसच्या नोंदीत असं वेबपान पेपर म्हणून नसतं, त्यामुळे ती सायटेशनं लेखकाच्या मुख्य आकड्यात येत नाहीत, "सेकंडरी डॉक्युमेंट्स" नावाच्या बाजूच्या कप्प्यात जातात. गूगल स्कॉलर त्यांच्यासाठी नुसती "सायटेशन" अशी नोंद करतं. स्कॉलरचा १२ आणि स्कोपसचा ६ यांतला फरक नुसत्या कचऱ्याचा असेल असं म्हणूनच धरू नका. तो कप्पा उघडा. सापडलंच काही तर ते हाताने मोजा आणि वेगळ्या ओळीत लिहा.

याच मॅकून यांची दुसरी गोष्ट. हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९३० च्या दशकात बूलियन बीजगणिताबद्दल एक प्रश्न टाकला होता. साठेक वर्षं तो कोणाला सुटला नाही. १९९६ मध्ये मॅकून यांच्या ईक्यूपी या प्रोग्रॅमने तो सोडवला. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली. पेपर १९९७ मध्ये जर्नल ऑफ ऑटोमेटेड रीझनिंगमध्ये आला. एवढं होऊनही त्या पेपरची सायटेशनं झेड-थ्रीच्या जवळपासही जात नाहीत. का जातील? प्रश्न सुटला म्हणजे दार बंद झालं, त्यावर पुढे काम करणारे कमी. टूल दिलं की रोज नवा माणूस वापरतो. सायटेशन उपयोग मोजतं, अवघडपणा मोजत नाही, हे मला या दोन पेपरांनी शिकवलं.

वेळेचंही असंच. तार्किक सूत्र खरं ठरवता येतं का ते शोधायची डेव्हिस-पुटनम पद्धत १९६० ची, तिची सुधारलेली डीपीएलएल आवृत्ती १९६२ ची. तेच काम करणारे, तिच्यावर आधारलेले प्रोग्रॅम म्हणजे सॅट सॉल्व्हर; ते उद्योगात शिरले ते ग्रास्प (१९९६) आणि चॅफ (२००१) या सॉल्व्हरांनंतर. चाळीस वर्षं! इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशनं मिळतात त्या आकड्याची, खिडकी दोन वर्षांची आहे. क्नूथ आणि बेंडिक्स यांचा १९७० चा पेपर तर एका परिषदेच्या संपादित पुस्तकातलं प्रकरण आहे, आपल्या गुणपत्रकात तो "पुस्तकातील प्रकरण" या ओळीत गेला असता. रॉबिन्सन यांची १९६५ ची रेझोल्यूशन ही सिद्धता शोधायची पद्धत आज पाठ्यपुस्तकात आहे. प्रोलॉग ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारा मुलगा त्यातलंच युनिफिकेशन वापरतो तेव्हा कोणाचाही उल्लेख करत नाही. काम इतकं मुरतं की नाव विरघळतं.

आणि ग्रास्प, चॅफ कुठे छापले होते? दोन्ही संगणक-चिपच्या आरेखनाच्या परिषदांत. कोणी "फक्त स्वयंचलित तर्काच्या परिषदांतलेच पेपर मोजू" म्हणालं तर या दोघांना बाहेर ठेवावं लागेल.

आता तुमचा खरा अडलेला प्रश्न, ६ की १९. इमेज प्रोसेसिंगमध्ये लाखो माणसं लिहितात, एकेका पेपराखाली पन्नास-साठ संदर्भ असतात. केडचा एक खंड म्हणजे तीस-चाळीस पेपर. पेठ लहान, म्हणून उलाढालही लहान. यावर तयार उपाय म्हणून कोणी तुम्हाला स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय दाखवेल: त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीने भागलेला आकडा, १ म्हणजे जगाची सरासरी. कल्पना चांगली आहे. पण त्यात विषयाचा खाना पेपर कुठल्या जर्नलात किंवा मालिकेत आला यावरून ठरतो, आत काय लिहिलंय यावरून नाही. केडचे खंड श्प्रिंगरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्याख्यानमालेत निघतात. म्हणजे खाना रुंद, आणि बाईंचा शेजारी न्यूरल नेटवर्कवाला निघू शकतो. तोच भेद पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

मी काय करतो? शेजारी स्वतः निवडतो. डीबीएलपीवर गेल्या काही वर्षांच्या केड, आयजेसीएआर, आयटीपीच्या याद्या काढतो. त्यातून ज्यांची पीएचडी उमेदवाराच्या दोन वर्षं मागेपुढे झाली आहे असे दहाएक जण घेतो. हर्ब्रांड या विषयातल्या मानाच्या पुरस्काराची मोठी नावं घेत नाही. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटपटूची तुलना कोणी सचिनशी करत नाही. सगळ्यांची मोजणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून. स्कोपसची वर्गणी नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स ही तशीच सूची फुकट आहे. मग बघतो, या दहांत आपला उमेदवार वरून कितवा. "एच ६" यातून समितीला काही कळत नाही. "समवयस्क दहांत तिसरी" हे लगेच कळतं. दोन दुपारी जातात या कामाला. दुसऱ्या उमेदवारासाठीही हेच करा, इमेज प्रोसेसिंगच्या दहांत. तिथे एच १९ म्हणजे वरून सातवा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि पहिला निघाला तर तेही मान्य करा.

हिर्श यांनीच एचला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायला सुचवलं होतं, आणि वीस वर्षांत एच २० म्हणजे यशस्वी शास्त्रज्ञ असंही लिहिलं होतं. ते भौतिकशास्त्राबद्दल. ती मोजपट्टी इथे लावू नका. भागाकार मात्र करा, कारण एच कधी खाली येत नाही. नुसतं वय वाढलं तरी तो वाढतो.

स्वतःचेच उल्लेख किती, हे समितीत कोणीतरी विचारणारच. ते वेगळे काढून द्या, पण त्यावरून लगेच भुवई उंचावू नका. प्रूव्हरची नवी आवृत्ती आली की तिच्या पेपरात जुन्या आवृत्तीचा उल्लेख असणारच, आणि जगात त्या पद्धतीवर काम करणारे गट मोजके असले की तीच नावं फिरून येतात.

लेखकांच्या क्रमाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे खरा अन्याय होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान-अभियांत्रिकीच्या शोधपत्रिकेतल्या पेपरला ८ गुण, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव. तो फॅक्टर जर्नलला असतो, केडसारख्या परिषदेला नसतो, हे एक झालं. दुसरं, दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्याला किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. आता तर्कशास्त्राकडे झुकणाऱ्या संगणकशास्त्रात नावं बऱ्याचदा वर्णानुक्रमाने लावतात. नेहमी नाही, झेड-थ्रीच्या पेपरात डी मौरा आधी आणि ब्यर्नर नंतर आहेत. पण जिथे लावतात तिथे आडनाव वाघमारे असेल तर डब्ल्यूमुळे माणूस जन्मभर शेवटचा, म्हणजे जन्मभर ३० टक्के. यादी उघडून पाहा: सगळ्या पेपरांत क्रम वर्णानुक्रमी असेल तर त्यातून कोणाचं काम किती हे काहीच कळत नाही. सरळ उमेदवाराला विचारा, प्रत्येक पेपरमध्ये तुम्ही काय केलंत ते दोन ओळींत लिहून द्या.

आता जे काम सगळे टाळतात. सायटेशन करणारे पेपर उघडून वाचणं. गारफील्ड यांना सायटेशन इंडेक्सची कल्पना मिळाली ती वकिलांकडून. अमेरिकेत शेपर्ड्स सायटेशन्स नावाची जुनी सूची होती: कोणता निकाल पुढे कुठल्या निकालात आला, आणि तिथे तो मानला गेला, वेगळा ठरवला गेला की उलटवला गेला. आपल्या जिल्हा न्यायालयातला कुठलाही वकील सांगेल की ही शेवटची खूण नसेल तर यादी निरुपयोगी. शास्त्राच्या मोजणीत ती खूण गळली, राहिला नुसता आकडा. म्हणून मी वीस सायटेशनं चिठ्ठ्या टाकून निवडतो आणि प्रत्येक ठिकाणी ते वाक्य वाचतो. "या विषयावर बरंच काम झालं आहे" म्हणून बारा पेपरांच्या माळेत नाव ओवलंय, की "आम्ही अमुक यांची पद्धत घेऊन पुढे गेलो" असं आहे? मग लिहितो: वीसपैकी इतके वापराचे, इतके हजेरीचे. विषय कळत नसला तरी हा फरक वाचता येतो. मला येतो तर तुम्हाला नक्की येईल. आणि उल्लेख करणारा विषयाबाहेरचा असेल, चिप तपासणारा, सुरक्षावाला, गणिती, तर तो मी वेगळा नोंदवतो.

सायटेशनबाहेरचे पुरावेही या विषयात चांगले मिळतात, बऱ्याच विषयांत ते नसतातच. १९९६ पासून प्रूव्हरांची कॅस्क नावाची स्पर्धा भरते (आपल्या पदोन्नतीच्या कॅसशी गल्लत नको), टीपीटीपी या प्रश्नसंग्रहातले प्रश्न घेऊन. सॅट आणि एसएमटी सॉल्व्हरांच्या स्पर्धा वेगळ्या. इसाबेल हा सिद्धता तपासणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी २००४ पासून तपासलेल्या सिद्धतांचं एक जाहीर भांडार आहे, तिथली नोंद परीक्षण होऊनच जाते. बाईंचं टूल कुठल्या स्पर्धेत उतरलं का, त्यांची सिद्धता दुसऱ्या कोणी आयात केली का, हे विचारा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये कोणाला काय उघडता येईल याचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेच्या पोटात झेड-थ्री आहे. तिथे रोज होणाऱ्या तपासण्यांची सायटेशनं कोणी मोजत नाही. आणि हा विषय आपल्या माणसांना परका नाही, हेही समितीला सांगा: दीपक कपूर यांना २००९ मध्ये आणि नटराजन शंकर यांना २०२२ मध्ये हर्ब्रांड पुरस्कार मिळाला आहे.

"हे सगळं नियमात कुठे लिहिलंय?" असं कोणी विचारलंच, तर २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा छापून न्या. दोन्हींत हेच आहे: जर्नलच्या आकड्यावरून माणूस मोजू नका, आकडा वाचनाला मदत करतो, वाचनाची जागा घेत नाही. तसंही अनुदान आयोगाने केअर ही मान्य शोधपत्रिकांची यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून कुठलं प्रकाशन धरायचं हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवरच आली आहे.

दुसऱ्या फायलीकडेही त्याच डोळ्यांनी पाहा. सायटेशनं विकणारे लोक आहेत. मलाही फोन येतात, "सर, पन्नासचं पॅकेज आहे" म्हणून. खूण सोपी: उल्लेख करणारे पेपर एक-दोनच जर्नलांतून, एकाच महिन्यात, आणि विषयाशी संबंध नसलेले. वीस चिठ्ठ्यांत हेही सापडतं. नसेल तर त्या उमेदवाराचंही भलं झालं.

टिपण मी असं लिहीन: "दि. अमुक रोजी स्कोपस व ओपनअ‍ॅलेक्सवरून मोजणी. यादी डीबीएलपी व उमेदवाराच्या बायोडाटाशी ताडली. दोन नावांखालची खाती एकत्र केली. परिषद व जर्नल आवृत्त्या एकत्र धरल्या. एच व जी सोबतच्या तक्त्यात, स्वतःचे उल्लेख वगळून व धरून. याच विषयातल्या समवयस्क दहांत क्रमांक अमुक. तपासलेल्या वीस उल्लेखांपैकी इतके प्रत्यक्ष वापराचे, त्यांपैकी इतके विषयाबाहेरचे. सॉफ्टवेअरचे उल्लेख स्वतंत्र ओळीत." एवढं अर्ध्या पानात बसतं. तारीख विसरू नका; महिन्याभराने कोणी पुन्हा मोजलं की आकडा बदललेला असतो आणि मग बोट ग्रंथपालाकडे जातं.

दहा जणांची यादी काढायला अडलात तर शनिवारी दुपारी ग्रंथालयात या. येताना बाईंच्या पीएचडीचं साल, माहेरचं नाव आणि ऑर्किडचा क्रमांक तेवढा आणा. संगणक आणि चहा माझ्याकडे आहे.